भीती मोजणारी चौफुली

मी एक चौफुली बोलते आहे. माझ्यावरून गाड्या जात नाहीत, उंदीर जातात. अधिक-चिन्हाच्या आकारात जोडलेल्या चार फळ्या, कमरेइतक्या उंचीवर आडव्या बसवलेल्या, असे माझे रूप. माझे दोन बाहू भिंतींनी बंद आहेत, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतींआड बसतो. निर्धास्त उंदीर उघड्या फळीवर येऊन खाली डोकावतो. एवढेच माझे ज्ञान, आणि ते पुरेसे आहे.

कुमासी शहरातल्या ज्या सुताराने मला घडवले, तो चर्चची बाके आणि शवपेट्या करणारा. "डॉक्टर, हे देवासाठी की मेलेल्यासाठी?" त्याने विचारले. "उंदरांसाठी," हे उत्तर ऐकून त्याने रंधा खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

माझे मालक डॉ. क्वाकू ब्रेन्या. ताणाने भय कसे वाढते, हा त्यांचा विषय. काही उंदरांना ते अरुंद नळीत कोंडून मग माझ्यावर सोडत. काहींना तसेच सोडत. दोहोंत फरक दिसायला हवा होता. दिसत नव्हता; सगळेच भिंतींआड. अखेर विद्यापीठाच्या समितीने कळवले, की शुक्रवारी फरक दिसला नाही, तर खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवू आणि उंदीर सर्पगृहाला देऊ.

गुरुवारी डॉक्टरांच्या सासूबाई, मामे कोनाडू, लाल-काळ्या सुतकी वस्त्रात आत शिरल्या.

"उंदरांसाठी माझ्या मामाची मयत चुकवलीस? सगळं गाव विचारत होतं, जावई कुठाय? काय सांगू, उंदरांना फळीवर फिरवतोय?"

"आई, हळू. उंदीर घाबरतील."

"मला? बघ तरी!"

डॉक्टरांनी पाहिले. माझ्यावर सोडलेला उंदीर उघड्या फळीवर बसून मिशा साफ करत होता. कपाट आणि भिंत यांमधल्या फटीत शिरले होते ते डॉक्टर.

"आई, जरा बाहेर जाता?" त्या गेल्या, उंदीर भिंतींआड पळाला. "आता आत या." त्या आल्या, उंदीर परत उघड्यावर.

"मी काय शेळी आहे, आत-बाहेर करायला?"

डॉक्टरांनी स्वतःची बाही हुंगली, मग सासूबाईंच्या वस्त्राकडे पाहिले. उंदरांना पुरुषाच्या अंगाच्या वासाचे भय वाटत होते. स्त्रीच्या वासाने ते निवत होते. वर्षभर त्यांनी ताणाचा अभ्यास केला, आणि सगळ्यात मोठा ताण ते स्वतःच होते.

"आई, उद्या समितीचे तिघे पुरुष येतील. त्यांना आणि मला पांघरायला तुमची नेसलेली, न धुतलेली वस्त्रं द्या. चौघांच्या वासापुढे तुम्ही एकट्या पुरणार नाही."

"कोण म्हणतं? पण देते. मामाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मात्र माझ्या शेजारी बसायचं, आणि चारचौघांत मी बोलेन ते मान खाली घालून ऐकायचं."

डॉक्टरांनी एकवार उंदरांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

शुक्रवारी समितीचे प्रमुख, प्राध्यापक आन्तोब्रे, दारातच थबकले. "बायकांची वस्त्रं? ब्रेन्या, मी तीन पुस्तकं लिहिली आहेत."

"उंदरानं एकही वाचलेलं नाही, साहेब," मामे कोनाडू म्हणाल्या आणि त्यांनीच आपले एक वस्त्र प्राध्यापकांच्या खांद्यावर टाकले.

चार विद्वान सुतकी वस्त्रे पांघरून, श्वास रोखून माझ्याभोवती उभे राहिले. नळीतून आलेला उंदीर भिंतींआड बसला. दुसरा, न कोंडलेला, उघड्या फळीच्या टोकापर्यंत चालत गेला. फरक दिसला.

इतक्यात ग्रंथालयातल्या एक बाई दारावरून जात होत्या. आतले दृश्य पाहून त्यांनी हात जोडले. "अरेरे! कोण गेलं हो?"

"आमच्या जावईबापूंचा ताठा," मामे कोनाडू म्हणाल्या. "सुटला बिचारा. फार दिवस घरातल्यांना छळत होता."

खोली राहिली, उंदीर राहिले. डॉक्टर रोज सासूबाईंचे वस्त्र पांघरून येतात. वास उतरला, की ते धुवायला नव्हे, सासूबाईंना नेसायला पाठवले जाते.

परमेश्वराने उंदराला खरे सांगणारे नाक दिले. माणसाला त्याने ते ऐकण्याची बुद्धी द्यावी, एवढेच माझे मागणे. वाचका, आता तुझा निरोप घेते. आज घरी जाशील, तेव्हा तुझ्या येण्याने कोण भिंतीआड जाते, ते एकदा पाहा.