तीन पायांची सवत

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझा पट्टा चामड्याचा होता, आता बुटाच्या नाडीचा आहे. हसू नका. पश्चिम कॅन्ससच्या माळावरच्या अभयारण्यात मी व्हर्नाच्या गळ्यात मिरवले आहे. "हिच्यासारखी नजर नाही," असं ती चारचौघांत सांगायची आणि मी फुगायचे.

मग यंदा ती आली. एका डोळ्याची, तीन पायांची भली मोठी दुर्बीण. व्हर्नाने तिला मऊ कापडाने पुसलं आणि मला टाकलं गाडीच्या उघड्या कप्प्यात, शिळ्या बिस्किटांशेजारी. माझा नुसता जळफळाट झाला. राबले मी, आणि कौतुक त्या लंगडीचं!

आमच्याकडे पाखरं बघायची ती गाडीत बसूनच. गाडीला ती घाबरत नाहीत, माणूस उतरला की संपलं. इथली घुबडं जमिनीतल्या बिळांत राहतात, जूनमध्ये त्यांची इवली पिल्लं वर येतात. ती बघायची व्हर्नाची ही शेवटचीच खेप होती. घर विकून ती लेकीकडे शहरात निघाली होती.

बिळांजवळ गाडी थांबली आणि तिचा भाऊ ऑरिन दार उघडू लागला.

"अरे, उतरू नकोस."

"तिपाई मांडतो ना ताई, दोन मिनिटं."

तो उतरला मात्र, पिल्लं बिळांत गुडुप. मला उकळ्या फुटल्या. मग व्हर्नाचा चेहरा दिसला आणि माझा आनंद विरला.

"एरवी उतरू नका म्हणून मीच लोकांना ओरडतो," ऑरिन पुटपुटत आत बसला. दोघं बिळांवर नजर लावून बसले. शेवटी एक डोकं वर आलं.

"जुनी दे," व्हर्ना म्हणाली.

तिने मला डोळ्यांना लावलं, पण चित्र ठरेचना. वाटलं, कप्प्यात पडून मीच बिघडले.

"म्हणून तर तिपाई घेतली ताई. तुझे हात..."

"गप बस. टोपी दे तुझी."

अर्ध्या उतरवलेल्या काचेवर टोपीची घडी, तिच्यावर मी. चित्र थांबलं. चार पिल्लं माना वाकड्या करून आमच्याकडेच बघत होती.

"बघ मेली कशी टकामका बघतायत," व्हर्ना म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा बघू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कप्प्यात कोंबू नका, त्यांच्या काचा पुसत जा. आणि आपल्या माणसांचे हातही बघत जा. मी जन्मभर तिच्या हातांत होते. ते कधी थरथरू लागले, मला कळलंच नाही. मी सारखी लांबच बघत होते.