तिसरी खाच

मी एक जुना बेलचा आहे. हसू नका हं, मित्रांनो! बेलचा म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा लोटायचे लांब दांड्याचे फावडे. वाफेच्या इंजिनांच्या संग्रहालयात आलात की तुम्ही धावत जाऊन ती मोठाली चाके बघता, शिट्टीची दोरी ओढता, फोटो काढता. त्याच इंजिनाच्या वर, भट्टीच्या दाराशेजारी, दोन लोखंडी आकड्यांवर मी आडवा पडलेला असतो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. चालायचेच. पण आज मला बोलायचे आहे आणि मी बोलणारच.

लोहाराने माझे पाते ठोकून काढले, सुताराने चिवट लाकडाचा दांडा बसवला आणि मी थेट एका तरुण आगवाल्याच्या हातात पडलो. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा. हा इतका किडकिडीत होता, की ड्रायव्हरमामांनी त्याला बघताच कपाळावर हात मारला.

“अहो, मी आगवाला मागितला होता. ही काडी कुणी पाठवली?”

“काडीनंच आग लागते, मामा,” तो म्हणाला.

मामा आधी गुरगुरले आणि मग खो खो हसले. त्या दिवसापासून त्याचे नाव काडी पडले ते कायमचे.

पण काडीचा हात काय होता म्हणून सांगू! चढ लागला, की भट्टी नुसती बकाबका खायची. काडी मला कोळशात खुपसायचा, वळायचा आणि मनगटाला असा एक झटका द्यायचा, की कोळसा नेमका भट्टीच्या कोपऱ्यात जाऊन पसरायचा. एक ढेकूळसुद्धा खाली सांडायचे नाही. भूक लागली की तो मला कढत पाण्याने लख्ख धुवायचा आणि माझ्या पात्यावर अंडी तळायचा. मामा पहिला घास घेऊन म्हणायचे, “कोळसा जरा कमी पडलाय रे आज.” वर्षानुवर्षे अंगठा एकाच जागी टेकून माझ्या दांड्यावर एक गुळगुळीत खळगा पडला होता. त्या खळग्यात काडीचाच अंगठा बसायचा, दुसऱ्या कुणाचा बसायचाच नाही.

त्या खळग्याच्या वर खाचा होत्या.

पहिली मुलगी झाली तेव्हा काडीने चाकूने एक खाच पाडली. मुलगा झाला तेव्हा दुसरी. तिसऱ्या वेळी आम्ही घरापासून खूप लांब होतो. एका छोट्या स्टेशनवर स्टेशनमास्तर कागद फडफडवत फलाटावरून धावत आले. “अरे काडी, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!” काडी मला हातात धरून गोल गोल नाचला. गाडी सुटल्यावर त्याने चाकू काढला. ही खाच त्याने मुद्दाम छोटी पाडली, कारण ती सगळ्यांत धाकटी. तेवढ्यात गाडी रुळांच्या सांध्यावरून गेली, इंजिनाला हिसका बसला, चाकू घसरला आणि छोट्या खाचेला केसाएवढे बारीक शेपूट फुटले.

“नाव काय ठेवणार?” मामांनी विचारले.

“आधी बघू तर दे तिला. बघितलं की सुचेल.”

मित्रांनो, आम्ही सहाव्या दिवशी परतलो. बाळ चौथ्या दिवशीच गेले होते.

तिचा एकही फोटो नव्हता. नावसुद्धा नव्हते. काडी पुन्हा कामावर आला तेव्हा मामा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “दांडा बदलून घे रे. ती खाच रोज हाताला लागेल.”

“लागू दे,” काडी म्हणाला.

आणि ती रोज लागायची. प्रत्येक खेपेला भट्टीचे दार उघडण्याआधी त्याची करंगळी तिच्यावरून एकदा फिरायची. त्याने हे कुणाला सांगितले नाही. फक्त मला ठाऊक होते.

पुढे डिझेलची इंजिने आली आणि आमचे काम संपले. शेवटच्या दिवशी काडीने मला घरी न्यायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “यादीत आहे, देता येणार नाही.” त्याने मला पुसले, स्वतःच्या हाताने आकड्यांवर ठेवले आणि तो मागे न बघता उतरून गेला. मग आम्हाला दूरच्या एका रुळावर नेऊन सोडले. चाकांमधून गवत वाढले, भट्टीत पक्ष्यांनी घरटी केली, माझे पाते गंजले. पण खाचा मात्र तशाच होत्या.

बऱ्याच वर्षांनी आमचे संग्रहालय झाले. तिथली देखभाल करणाऱ्या काकांना सगळे पॉलिशकाका म्हणतात. त्यांच्यासमोर जास्त वेळ उभे राहिलात तर तुम्हालाही पॉलिश करतील, इतका माणूस हौशी! त्यांनी माझा गंज काढला, तेल दिले. त्यांची माया खरी होती, हे मी शपथेवर सांगतो. म्हणूनच पुढचे सांगताना जीव तुटतो.

एकदा एक शाळा सहलीला आली. दोन वेण्यांची एक मुलगी घोळका सोडून माझ्यापाशी थांबली. तिने दांड्यावरून बोट फिरवले.

“बाई, ह्या खाचा कसल्या? दोन मोठ्या नि एक छोटी.”

“कुणीतरी चाकूनं खोडसाळपणा केलाय,” बाई म्हणाल्या. “ऐतिहासिक वस्तूंची अशी नासधूस करतात लोक! चल, रांगेत.”

पॉलिशकाका मागेच होते. त्यांचे कान लाल झाले.

मुलगी घरी गेली आणि (हे मला मागाहून तिच्याच बोलण्यातून कळले) तिने आजोबांना इंजिनाचा नंबर सांगितला. खाचांचेही सांगितले. आजोबा म्हणजे काडीच! जन्मभर भट्टीच्या झळा सोसून त्याचे डोळे अधू झाले होते, आता त्याला फक्त उजेड नि सावली कळायची. तो तडक उठून चपला शोधू लागला. मुलीची आई, म्हणजे काडीची थोरली लेक, म्हणाली, “बाबा, हिची परीक्षा होऊ दे. आठ दिवसांनी जा. ते इंजिन काही पळून जात नाही.”

इंजिन नाही पळाले. पण त्या आठ दिवसांत पॉलिशकाकांनी मला खाली काढले, लाकडाचा भुसा नि सरस कालवून तिन्ही खाचा बुजवल्या, सँडपेपरने घासघासून खळग्यासकट सगळा दांडा सपाट केला आणि वर चकचकीत पॉलिश चढवले. मला ओरडायचे होते. बेलच्याला तोंड नसते.

काडी आला. त्याचा हात नातीच्या खांद्यावर होता. पॉलिशकाकांनी मोठ्या आदराने मला त्याच्या हातांत दिले. हे हात! तेच हात, मित्रांनो, आता सुरकुतलेले! त्याचा अंगठा खळगा शोधत राहिला. करंगळी वर सरकली, खाली सरकली, पुन्हा वर सरकली.

“हा माझा नव्हे,” तो हळूच म्हणाला.

“तुमचाच आहे आजोबा! मी पाहिल्या होत्या ना खाचा! काका, सांगा ना तुम्ही!”

पॉलिशकाका मान खाली घालून उभे राहिले.

काडीने नातीच्या डोक्यावर हात ठेवला. “मला बरं वाटावं म्हणून बोललीस होय? असू दे. माझा बेलचा कधीच भंगारात गेला असणार.” त्याने मला आकड्यांवर ठेवले. बघा, आकडे त्याला न बघता सापडले. आणि तो पायऱ्या चाचपत उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशकाकांनी सुताराची बारीक पटाशी घेतली आणि भुशाचा कण न् कण टोकरून काढला. खाचा पुन्हा उघड्या झाल्या. मग त्यांनी भेटीच्या वहीतला नंबर शोधून फोन केला. रविवारी मुलगी एकटीच आली.

“आजोबा येत नाहीत,” ती म्हणाली. “मी खूप सांगितलं. ते म्हणतात, म्हातारा दुखावला म्हणून काकांनी नव्या खाचा पाडल्या असतील. त्यांनी एवढंच बघायला सांगितलंय, की छोट्या खाचेला शेपूट आहे का. असलं तर येतो म्हणालेत.”

काकांनी भिंग लावले आणि मला उजेडात वळवून वळवून पाहिले. शेपूट नव्हते. ते होतेच केसाएवढे, सँडपेपरच्या दोन हातांत गेले होते.

काकांनी चाकू उचलला. टोक माझ्या दांड्याला टेकले. एक रेघ ओढली असती, की काडी परत आला असता! मला सांगा, मी काय मागायला हवे होते? मला अजून कळत नाही. काकांनी चाकू खाली ठेवला.

“नाही गं बाळा. होतं, पण माझ्या हातानं गेलं. आता पाडलं तर ते माझं होईल, त्यांचं नाही. तसंच सांग त्यांना.”

मुलगी माझ्याजवळ सरकली. मग तिने करंगळी छोट्या खाचेवर ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, “मावशी, आजोबा आले होते गं.”

काडी अजून आलेला नाही. मी वाट बघतो आहे. काकांनी माझ्यावर पुन्हा पॉलिश चढवलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा हो, जरूर जपा. पण कुठे चरा दिसला, खाच दिसली, डाग दिसला, तर घासायला धावू नका. आधी विचारा, ही कुणाची खूण? सांगणारा माणूस कदाचित चपला शोधत असेल. त्याला यायला आठ दिवस लागतील. तेवढे थांबा.