शंभरातले अकरा

"अकरा," ठकी म्हणाली. "अकराच सोडवले."

सराव परीक्षेच्या हॉलमधून बाकीची मुलं घोळक्याने बाहेर पडत होती आणि एकमेकांशी उत्तरं ताडून बघत होती. आमची लेक भिंतीला पाठ लावून उभी होती. सतराव्या वर्षी पहिल्यांदा ती अनोळखी मुलांमध्ये बसून पेपर देऊन आली होती.

"अकराही बरोबर?" तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी विचारलं.

"बरोबर असणार. बाराव्यावर अडले."

"मग?"

"मग काय, तोच सोडवत बसले. घंटा झाली."

"शाब्बास! अर्धवट काही सोडलं नाहीस," मास्तर म्हणाले आणि चक्क हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत तमाशा नको म्हणून मी दात-ओठ खात घरापर्यंत चालत आले, एवढाच काय तो माझा संयम.

ठकीला शाळेतून काढली ती नवव्या वर्षी. "असं का?" एवढंच विचारलं म्हणून बाईंनी तिला दिवसभर वर्गाबाहेर उभी केली होती. मास्तर त्याच शाळेत शिकवत होते. त्यांनी दुपारी राजीनामा दिला आणि पोरीचा हात धरून घरी आले. तेव्हापासून मी रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरी धुते आणि ते घरी लेकीला शिकवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेव्हा नव्हती आणि आजही नाही. समजल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा त्यांचा नियम. बर्फ पाण्यावर का तरंगतो यावर या दोघांनी अख्खा हिवाळा घालवला होता. मी सुजलेल्या पायांनी घरी यायचे आणि दारातल्या त्यांच्या प्रयोगाच्या बादल्या ओलांडून आत जायचे. वरवर करवादायचे, पण मनातून मला ते आवडायचं.

पण पोरगी पंधराची झाली आणि म्हणाली, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. त्या कॉलेजात जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिथे तुम्ही घरी शिकलात की शाळेत, कुणी विचारत नाही. मी मास्तरांना म्हटलं, अहो, तयारी कधी सुरू करायची? म्हणाले, तिचं ती ठरवेल. सोळाव्या वर्षी विचारलं तर म्हणाले, तिला काय शर्यतीत पळवायचंय? समोरच्या घरातला मुलगा तोवर दर रविवारी घड्याळ लावून पेपर सोडवायला लागला होता. शेवटी मी विचारणंच सोडलं आणि परस्पर ठकीचं नाव सराव परीक्षेला घातलं. खरी परीक्षा चार महिन्यांवर होती.

दार लावल्या लावल्या मी तोंड सोडलं. "मास्तर, पोरीला पोहायला शिकवलंत, पण आंघोळीच्या बादलीत!"

"ही परीक्षाच मूर्खपणाची आहे. एका प्रश्नाचा दीड मिनिटात कोण विचार करतं?"

"असेल मूर्खपणाची. पण दार तेवढं एकच आहे आणि किल्ली त्या मूर्खांच्याच हातात आहे. तुमच्या तत्त्वांपायी ती बाहेर उभी राहणार आहे."

"तुला ज्ञान नकोय. तुला फक्त निकाल हवाय."

"हो, हवाय! दोन वर्षं ओरडतेय, एकदा तरी घड्याळ लावून बसवायचं होतं तिला. पेपर कसा असतो, तो तरी दाखवायचा होता."

ठकीने ताट टेबलावर आपटलं. "माझ्याबद्दल बोलताय ना? मग मला विचारा की!" तिचा आवाज चिरकला. "पुढचे प्रश्न मला दिसत होते. त्यातले कितीतरी येत होते. पण हातच पुढे जाईना. वाटलं, बाबांना काय सांगू? न समजता पुढे गेले असं सांगू?"

माझा राग मात्र काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्याबरोबर लाँड्रीत नेऊ लागले. घरी शांतता होती आणि शेजारच्या खोलीत बाबा. ते दोन्ही तिला परीक्षेत मिळणार नव्हतं. सुपरवायझरबाईंनी जेवणाच्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल दिलं. भिंतीपलीकडे मोठी यंत्रं घरघरत होती आणि बायका येता-जाता मोठमोठ्याने हसत होत्या. जुने पेपर मी समोरच्या मुलाकडून मागून आणले. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासमोर घड्याळ घेऊन बसायचे आणि ती अडली की टेबलावर हात आपटायचे. "पुढे!"

"थांब ना, येतंय."

"येऊ दे नंतर. पुढे!"

"तू आई आहेस की जेलर?" एकदा ती किंचाळली. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

राग कशाचा होता, सांगू? आठ वर्षं मास्तरांनी तिला चांदण्या दाखवल्या, बर्फ दाखवला, मुंग्यांची वारुळं दाखवली. आणि शेवटचे चार महिने ओरडायचं काम तेवढं माझ्या वाट्याला आलं. आयुष्यभर तिला बाबांच्या बादल्या आठवणार आणि आईचं घड्याळ.

एका दुपारी मास्तर स्वतःहून लाँड्रीत आले. दारातच उभे राहिले. ठकी एका प्रश्नावर अडली होती. मी टेबल आपटलं, तरी पेन्सिल तिथेच घुटमळत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी घसा खाकरला. "पुढचा घे, बाळा," ते हळूच म्हणाले.

तिने लगेच घेतला. महिनाभर मी घसा फोडत होते आणि यांच्या एका वाक्यात पोरगी पुढे गेली! त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र आत जाऊन अर्धा तास ओल्या चादरी आपटत होते.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी होती. मास्तर फाटकाला खेटून उभे होते. घंटा झाली आणि ठकी आली ती चालत नाही, जवळजवळ पळतच.

"ऐंशीच्या वर सोडवले," ती मला म्हणाली. "बाकीचे सोडून दिले."

मी तिला जवळ घेतलं, तर तिने घेऊ दिलं.

मास्तरांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. "कुठले सुटले, सांग. संध्याकाळी आपण दोघं बसू. सावकाश."

ठकीने क्षणभर आठवायचा प्रयत्न केला. "नाही आठवत, बाबा."

"एखादा तरी?"

"खरंच नाही आठवत. आई, खायला काही आणलंयस का? जाम भूक लागलीय."

मी पिशवीतून डबा काढून दिला. डबा उघडत, खात ती आमच्यापुढे चालू लागली. मास्तर जागचे हलले नाहीत. चार महिने मी त्यांना ऐकवायला काय काय साठवून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द माझ्या तोंडून फुटेना.

"चला," मी म्हटलं. "ऊन लागेल."

त्यांनी कोरा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि ते माझ्याबरोबर निघाले.