दोन पासपोर्ट, एक शिक्का

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. माझ्या पाठीला हिरवे कापड आहे, दोन्ही अंगांना जाड पुठ्ठा आहे आणि बांधायला एक नाडी आहे. नाडीचे टोक उसवले आहे, कोपरे मऊ पडले आहेत. तरी मला रद्दीत काढायचा विचार कोणी करत नाही. माझ्या पोटात एका माणसाचा पासपोर्ट आहे आणि त्यावर एक शिक्का पडायचा राहिला आहे.

माझा जन्म एका बुकबाइंडरच्या दुकानात झाला. त्याने मला खळ लावली, लोखंडी दाबाखाली दोन दिवस ठेवले आणि वाळल्यावर माझ्या पाठीवर अशी थाप मारली, जणू शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला वर्गात ढकलतो आहे. तिथून मी एका चष्म्याच्या दुकानात आले. गिऱ्हाइकांचे नंबर सांभाळायचे हे माझे काम. कोणाचा जवळचा नंबर, कोणाचा लांबचा, कोणाचा डावा डोळा आळशी, सगळे माझ्याकडे असे. दुकानाचे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "या फाइलीत गेलेला कागद कधी हरवत नाही." हे ऐकून मी फुगून जायची. ते फुगणे मला पुढे चांगलेच भोवले.

मालकांना मी भिंगरीचे बाबा म्हणते. भिंगरी ही त्यांची मुलगी. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. तिची आई नर्स. भिंगरी चार वर्षांची असताना आईला दूरच्या एका देशातल्या रुग्णालयात नोकरी मिळाली. ठरले असे, की आईने पुढे जायचे, राहायची सोय बघायची आणि वर्षभरात दोघांना बोलावून घ्यायचे. त्या दिवशी बाबांनी माझ्यातले सगळ्यांचे नंबर दुसरीकडे हलवले. "आता तुला मोठं काम आहे," असे म्हणत त्यांनी माझ्यात पहिला कागद ठेवला. तो त्यांच्या लग्नाचा दाखला होता. मग जन्माचे दाखले आले, पोलिसांचा दाखला आला, डॉक्टरांचा तपासणी अहवाल आला, आईच्या नोकरीचे पत्र आले आणि भिंगरीचे फोटो आले. फोटोत ती हसत होती, म्हणून फोटोवाल्याने ते नाकारले होते. दुसऱ्या फोटोत ती इतकी गंभीर होती, की बाबाच हसले.

मग त्या देशाच्या वकिलातीकडून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली. बाबांनी दुकान शेजारच्या घड्याळजींच्या हवाली केले. "महिन्याभरात आम्ही नसणार," असे सांगून जुन्या गिऱ्हाइकांचे निरोपही घेतले.

मुलाखतीला आम्ही तिघे गेलो. रांग, झडती, टोकन, मग खुर्च्या. शेवटी काचेच्या खिडकीमागे बसलेल्या एका बाईंनी आमचा नंबर पुकारला. बाबांनी मला उघडून खिडकीसमोर धरले. बाईंनी कागद एकेक करून मागितले आणि मी एकही चुकवला नाही. मग त्यांनी भिंगरीला विचारले, "आईला भेटल्यावर पहिल्यांदा काय करणार?"

भिंगरी म्हणाली, "आधी बघणार, तीच आहे का."

बाई हसल्या. "सगळं व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या आणि बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात बाईंनी समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचले. त्यांचे हसू मावळले. त्यांनी दोन्ही पासपोर्ट परत केले आणि खिडकीच्या फटीतून एक पिवळा कागद सरकवला.

"थोडी जास्तीची तपासणी लागेल. तुम्हाला कळवलं जाईल."

"काही कमी आहे का? मी आत्ता आणून देतो," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडून काही नको. फक्त थांबा."

"साधारण किती दिवस?"

"ते सांगता येत नाही." आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

मित्रांनो, तो पिवळा कागद माझ्या पोटात सगळ्यात वर बसला आणि तिथून हलेना.

पहिले पंधरा दिवस बाबांनी भरलेल्या बॅगा रिकाम्या केल्या नाहीत. त्यातलाच एक एक कपडा ओढून काढायचा, धुवायचा आणि घडी करून परत ठेवायचा. महिना झाला, दोन महिने झाले. मग भिंगरीचा हिवाळी कोट बाहेर निघाला, मग भांडी निघाली आणि एके दिवशी बॅगा रिकाम्या होऊन पलंगाखाली गेल्या. बाबांना हात चालवायला काम हवे होते. ते आपल्याच जुन्या दुकानात गेले आणि घड्याळजींच्या काउंटरच्या एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. घड्याळजींनी काही विचारले नाही, नुसता दिवा त्यांच्या बाजूला सरकवला. पण त्यांची जीभ स्वस्थ बसणारी नव्हती. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या दुकानात चाळीस घड्याळं आहेत, पण तुझ्या त्या ऑफिसची वेळ एकही दाखवत नाही बघ." बाबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

बाबांची मोठी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, मदतीला येऊन राहिली. भिंगरीला तेव्हा नुकते वाचता येऊ लागले होते. बाबा रोज सकाळी फोनवर आपल्या अर्जाची स्थिती बघत. रोज एकच ओळ येई. भिंगरी त्यांच्या खांद्यावरून बोट ठेवून वाचायची, "प्र-लं-बि-त. आत्या, प्रलंबित म्हणजे काय गं?"

आत्या तिची वेणी घालत होती. ती म्हणाली, "म्हणजे लोंबकळत ठेवलेलं."

"कोणाला?"

"तुझ्या बापाला," आत्या म्हणाली आणि तिने वेणी जरा जास्तच घट्ट ओढली.

आता माझी खरी फजिती सुरू झाली. डॉक्टरांचा अहवाल सहा महिनेच चालतो. तो मुदत संपून मेला, नवा आला, तोही मेला. पोलिसांचा दाखला वर्षाने शिळा झाला. भिंगरीचे पुढचे दोन दात पडले आणि फोटो तिच्यासारखा दिसेना. पुन्हा फोटो. दात आले, पुन्हा फोटो. मी एकही कागद हरवू दिला नव्हता, पण कागद माझ्या पोटातल्या पोटात जुने होत होते आणि ते थांबवणे माझ्या हाती नव्हते. ज्या गुणाचे माझे कौतुक व्हायचे, त्याचा काडीचा उपयोग उरला नव्हता.

बाबांनी पत्रे लिहिली. उत्तर तत्काळ यायचे, कारण ते यंत्र पाठवायचे. फोन केला तर वाट बघायचे संगीत वाजायचे. ते भिंगरीला पाठ झाले होते आणि ती त्यावर नाचायची. एकदा बाबा तिच्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

तुम्ही विचाराल, आईच का नाही आली भेटायला? तिच्या स्वतःच्या तिथे राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण अडकले होते. ती एकदा देशाबाहेर पडली, तर तिला परत आत घेतील की नाही, हे कोणी सांगायला तयार नव्हते. दर रविवारी ती फोनच्या पडद्यावर यायची. सुरुवातीला भिंगरी पडद्याचे मुके घ्यायची. नंतर नंतर "हो", "नाही", "जेवले" एवढेच बोलायची आणि खेळायला पळायची. आई रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायची.

"ती मला विसरत चाललीय का हो?" एकदा तिने विचारले.

"अगं, कुठलं काय! खेळात असते," बाबा म्हणाले. माझ्या नाडीला त्यांनी त्या वेळी इतका पीळ दिला, की ती तिथेच उसवली.

मुलाखतीला दोन वर्षे आणि दोन महिने झाले आणि एका सकाळी पत्र आले. दोन्ही पासपोर्ट पाठवा! आत्याने भिंगरीला उचलून गरकन फिरवले. घड्याळजींनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवले. बाबांनी पलंगाखालच्या बॅगा ओढून पुसल्या.

दहा दिवसांनी पासपोर्ट परत आले. बाबांनी घाईने भिंगरीचा उघडला. त्यात व्हिसाचा शिक्का होता, सुबक, रंगीत. मग त्यांनी स्वतःचा उघडला. पानामागून पान उलटले, मागून पुढे पुन्हा उलटले. त्यात फक्त एक पिवळा कागद होता.

"चुकून राहिला असेल रे," आत्या म्हणाली.

बाबांनी फोन केला. या वेळी खरा माणूस बोलला. तो उद्धटही नव्हता. "दोघांची प्रकरणं वेगवेगळी आहेत. मुलीचं झालं, तुमचं तपासणीत आहे."

"पण ती आठ वर्षांची आहे. एकटी कशी जाणार?"

"मुलीला चार महिन्यांत प्रवेश करावा लागेल. नाहीतर तिचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल."

चारातले तीन महिने बाबांनी वाट बघण्यात घालवले. रोज सकाळी तीच ओळ. मग एका रविवारी त्यांनी आईला विचारले, "काय करायचं?"

आई म्हणाली, "मी पाठवा म्हटलं तर तुम्ही एकटे पडाल. नको म्हटलं तर मी तिचं लहानपण बघणारच नाही. मला नका विचारू."

भिंगरी दाराआड उभी होती. ती आत आली आणि म्हणाली, "मी नाही जाणार. बाबांचा शिक्का आला की जाणार."

बाबांनी तिला जवळ बसवले. "भिंगरे, शिक्का कधी येईल, हे मला माहीत असतं ना, तर मी तुला थांबवलं असतं. मला माहीत नाही. मला खरंच काही माहीत नाही." एवढा मोठा माणूस इतक्या लहान मुलीसमोर हे कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिला. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने हळूच विचारले, "विमानात खिडकी मिळेल?"

जायच्या आठवड्यात बाबांच्या लक्षात आले, की ती रस्त्यावरच्या पाट्या डोळे बारीक करून वाचते. त्यांनी तिचे डोळे तपासले आणि स्वतःच्या हाताने तिचा चष्मा बनवला. भिंगे घासायला एक तास पुरला असता, त्यांनी सबंध दिवस लावला. फ्रेम तिच्या चेहऱ्याला मोठी होत होती.

"सारखी घसरेल अरे ती," घड्याळजी म्हणाले.

"भिंगरी वाढेल," बाबा म्हणाले. "मी तिथे नसेन."

विमानतळावर विमान कंपनीची एक मुलगी भिंगरीला न्यायला आली. तिने भिंगरीच्या गळ्यात पारदर्शक पाकीट अडकवले. बाबांनी माझी नाडी सोडली आणि भिंगरीचे कागद एकेक काढून त्या पाकिटात घातले. शेवटी पासपोर्ट घातला. मित्रांनो, इतकी वर्षे फुगलेले माझे पोट एकदम खपाटीला गेले. भिंगरी दहा पावले गेली, परत पळत आली आणि बाबांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. अगदी एका जागी, न हलता. बाबांनीच तिचे हात सोडवले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पडद्यावर नुसता चष्मा आणि केस दिसत होते, इतका तिने तो जवळ धरला होता.

"बाबा!" ती कुजबुजली, जणू मोठे गुपित सांगते आहे. "आईला वास आहे!"

"कसला गं?"

"आईचा! फोनमध्ये येत नव्हता ना!"

मागे आई रडत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. बाबांनी मान हलवली, "हो का? वा!" असे दोनतीनदा म्हणाले आणि फोन आत्याकडे दिला.

याला आता अकरा महिने झाले. आत्या तिच्या घरी परतली. बाबा स्टुलावर बसून भिंगे घासतात. मी त्यांच्या मागच्या फळीवर असते. डॉक्टरांच्या अहवालाची मुदत पुन्हा संपली, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी मला काढले, झटकले आणि दवाखान्यात नेले. नवा अहवाल आणून जुन्याच्या वर ठेवला. भिंगरीचे जुने फोटो, दात पडलेले आणि दात आलेले, त्यांनी माझ्यातून काढलेले नाहीत. वाटेत तिघांनी त्यांना विचारले, "काय, झालं का काम?" तिघांनाही ते "होईल" म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत असा वाट बघणारा कोणी असेल, तर त्याला रोज हे विचारू नका. त्याच्या शेजारी बसा, दुसरे काहीही बोला. आणि मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी तरी अशाच एखाद्या काचेमागे बसेल. समोर माझ्यासारख्या फाइलींची चळत असेल. कधी तरी तळातली फाइलही वर घ्या. ते जमणार नसेल, तर किती उशीर लागेल, तेवढे सांगा. एक वर्ष म्हणालात तरी चालेल, तीन म्हणालात तरी चालेल. भिंगरीचे बाबा तेवढे दिवस मोजतील. आकडाच न सांगितलेले दिवस कुठून मोजायला लागायचे, ते त्यांना कळत नाही.