सर्वरच्या दोन वाटा

खंडेनवमीला आमच्या मंचरच्या पतसंस्थेत सर्वरचीही, म्हणजे सगळ्या शाखांचं काम चालवणाऱ्या कॉम्प्युटरचीही, पूजा होते; तो मी सांभाळते. यंदा ती शिपाई हौशीराममामांनी केली आणि घोळ करून ठेवला. ते माझे सासरे. मोहित, माझा नवरा, गेल्यावर त्यांनीच मला सांभाळलं, आता दुसरं लग्नही त्यांनीच जुळवलं. पुढच्या आठवड्यात लग्नाची नोंदणी आहे. पण ठरल्यापासून मामा माझ्याशी परक्यासारखे जपून बोलत होते आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

आमच्या सर्वरपासून हिशेब साठवणाऱ्या डिस्कच्या पेटीपर्यंत दोन वायरी जातात, दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे वायरी जोडायच्या डब्यांमधून. एक वाट बंद पडली तरी दुसरीवरून काम चालावं म्हणून. दसऱ्याची सुट्टी संपवून मी आले तर दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये. तो बिघडला असता तर सगळ्या शाखा ठप्प झाल्या असत्या.

"मामा, हे तुमी केलं?"

"नारळ ठेवायला जागा नव्हती. एक डबा बाजूला काढला, त्याची वायर दुसऱ्यात खोचली. दिवं तर लागत्यात की."

मी दुसरा स्विच जागेवर बसवला, त्याची वायर त्याला जोडली, स्क्रीनवर दोन्ही वाटा चालू झाल्याचं पाहिलं. आता खात्री करायची होती.

"ही पहिली वायर तुमीच काढा."

"काम बंद पडलं तर? बाहेर लोकं हायेत."

"काढा म्हणते ना."

त्यांनी वायर काढली. स्क्रीनवर एक वाट बंद दिसू लागली, पण बाहेर पासबुकाचं मशीन खडखडतच राहिलं. मामा वायर हातात धरून उभेच.

"मोहित व्हता म्हणून तू माझ्या घरात आलीस, पोरी. आता मी कोणत्या नात्यानं तुझ्या दारात येऊ?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. एवढंच होतं तर त्यांच्या मनात.

"मोहितनं मला घरात आणलं, खरंय. पण मी तापानं फणफणले तवा उशाशी कोण बसलं? नोकरीसाठी भावकीशी कोण भांडलं? ते नातं तुमचं नि माझं हाय, मामा. मला आईबाप न्हाईत. पहिल्या दिवाळीला मुराळी म्हणून मला न्यायला तुमीच यायचं. पिंपरी पेंढारचं तुमचं घरच माझं माहेर."

मामांनी डोळे पुसले, वायर आपल्या हातानं जागेवर बसवली आणि स्विचचा दिवा लागल्याचं पाहिलं.

"वसुबारसेला येतो. सकाळच्या यष्टीनं. पिशवी भरून ठेव."