शिशाचा रकाना

महेजबीनने फॉर्म पुन्हा वरपासून वाचला आणि अकोल्याला फोन लावला. तांब्याच्या तारेचं वजन भरलेलं होतं, वार्निशचं होतं, प्लास्टिकच्या रिळाचंही होतं. तारांची टोकं जोडायच्या सोल्डरच्या ओळीतला शिशाचा रकाना मात्र कोरा होता. ही तिसरी खेप.

“डोमाजीकाका, तो रकाना पुन्हा राहिला.”

“राहिला का?” पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती, मग ती दूर गेली. डोमाजी फोन घेऊन दाराबाहेर आले असावेत. “पाहतो म्याडम. जेवल्या का तुमी?”

“जेवले. तुम्ही?”

“आमची सुट्टी आता होईन.”

मग उन्हाचं बोलणं झालं, संत्र्याच्या भावाचं झालं. डोमाजींनी तेल्हाऱ्याच्या शाळेतली एक जुनी गोष्ट सांगितली आणि महेजबीन इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरच्या मुलाने कानातला हेडफोन सरकवून तिच्याकडे पाहिलं. फोन ठेवला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि रकाना कोराच होता.

कंपनी पुण्याची. कारखान्यांना लागणारी विजेची कंट्रोल पॅनेलं बनवून जर्मनीला पाठवायची. त्या पॅनेलात जो जो सुटा भाग बसतो, त्यात कोणता धातू, कोणतं रसायन किती मिलिग्रॅम आहे, हे त्या त्या कारखानदाराकडून लेखी घ्यायचं काम अमरावतीच्या कचेरीत चाले. शिसं हजारात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. दोनशेबारा कारखाने महेजबीनच्या वाट्याला होते आणि सगळ्यांशी व्यवहार मेलवर. फोनची गरज नव्हती. आठ महिन्यांपूर्वी एका पुसट आकड्यासाठी तिने अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या कॉइलच्या युनिटला पहिल्यांदा फोन केला, आणि सतरा प्रकारच्या कॉइलींचे सतरा फॉर्म असल्यामुळे पुढेही काही ना काही कारण निघत गेलं. कारण नसलं, तर ती शोधायची. आई रजियाबी जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ उसामा नागपूरला, ईदेला फोन करणारा. वलगाव रोडवरच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कुलूप उघडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याला चौकाचं नाव सांगेपर्यंत तिला तोंड उघडावं लागत नसे.

शुक्रवारी मुदत संपत होती. बुधवारी तिने रजा टाकली, बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला उतरली. तिला कुणी पाठवलं नव्हतं.

युनिट म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. मालक खुशालरावांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. “फॉर्मचं डोमाजीच पाहतात,” असं म्हणून ते गल्ल्यापलीकडे कुणाशी तरी फोनवर बोलू लागले. मागच्या खिडकीपाशी एक बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस वाकून कॉइलच्या टोकांना सोल्डर लावत होता. फोनवरच्या आवाजावरून तिने माणूस जाड बांध्याचा समजला होता.

“डोमाजीकाका.”

त्यांनी मान वर केली. ओळख पटायला क्षणभर लागला. मग हातातली सळई स्टँडवर ठेवून ते उभेच राहिले.

“तुमी? इतक्या उन्हात काहून आल्या?”

“परवा शेवटची तारीख आहे.”

डोमाजींनी तिच्यासाठी स्टूल ओढलं. थोडा वेळ ते टेबलावरचा तारेचा चुरा तळहाताने गोळा करत राहिले. मग खणातून दोन कॉइली काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवल्या.

“हा डाग झळकून राह्यला ना, हा शिशाचा. आन् हा राखेवानी दिसते, तो बिनशिशाचा. याची तार दुपटीनं महाग. सळईची टोकं बी लवकर जळतात.”

“आपल्या मालाला कोणता लावता?”

त्यांनी झळकणाऱ्या डागावर बोट ठेवलं.

“किती असतं त्यात?”

“शंभरात सदतीस.”

महेजबीनने पिशवीतून जुने फॉर्म काढले. “यांच्यावर शून्य लिहिलंय. सही तुमची आहे.”

“माहीच. सहा वर्सं लिवलं. मालकानं सांगतलं, लिवलं.”

“मग आता का अडलात?”

खुशालरावांचा आवाज चढला होता, तिकडे डोमाजींनी एकदा पाहिलं. “आदी कागद यायचा, कागद जायचा. कोनाले खोटं सांगून राह्यलो, ते दिसे नाई. आता तुमी फोन करता. जेवले का म्हून इचारता. तुमाले शून्य कसं लिवू?”

तिने फॉर्म टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, कडा जुळवल्या. मेलवर विचारलं असतं तर या माणसाने सातव्या वर्षीही शून्य लिहिलं असतं आणि दर महिन्याच्या एक तारखेला पगार घेऊन घरी गेला असता.

“खरं लिहिलं तर इथली ऑर्डर जाईल, काका.”

“जाईन. मीही जाईन.” डोमाजींनी खिशातला पेन काढला. “मालकाचं नका सांगू. तुमी सांगा, काय लिवू?”

सळईतून बारीक धूर वर जात होता. महेजबीनने त्यांच्याकडे न पाहता फॉर्म पुढे सरकवला.

“आहे ते लिहा.”

कचेरीत ज्या आवाजात ती बोलायची, तोच आवाज निघाला. डोमाजींनी आकडा लिहिला, खाली सही केली, तारीख टाकली. मग पेनाचं टोपण लावून म्हणाले, “चार वाजताची गाडी सापडंल तुमाले. निंगा.”

पंधरा दिवसांत युनिटचं नाव यादीतून निघालं. बैठकीत पुण्याच्या साहेबांनी पडद्यावरून तिचं कौतुक केलं, आणि कचेरीतल्या चौघांनीही हेडफोन काढून तिच्याकडे पाहिलं. कॉइलींसाठी नवा पुरवठादार मिळाला. त्याचे सतराही फॉर्म एका दिवसात आले, प्रयोगशाळेच्या दाखल्यांसह, एकही आकडा पुसट नसलेले. तिला विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तिने युनिटच्या जुन्याच नंबरवर फोन केला. सागर नावाच्या कारागिराने उचलला.

“डोमाजी? मालकानं काढलं त्याईले. मोबाइल नाई वापरत ते. घर डाबकी रोडले आहे, पिठाच्या गिरणीमागं.”

रविवारी ती गेली. काय बोलायचं, ते गाडीत चार वेळा जुळवून झालं होतं. दार एका ठेंगण्या बाईने उघडलं. कपाळावर मोठं कुंकू, हात पिठाने भरलेले.

“डोमाजीकाका आहेत का? मी अमरावतीहून…”

“फोनवाल्या का तुमी?” बाईंनी तिला निरखलं. “सागर सांगे. या, आत या. ते नाईत. तेल्हाऱ्याले पुतन्याचं पंपाच्या जळलेल्या मोटारी बांधायचं दुकान आहे, तिथं गेले कामाले. मी मैनाबाई. त्यायची घरवाली.”

महेजबीन उंबऱ्यातच थांबली. मग आत येऊन बाजेवर बसली.

“त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली.”

“गेली ते गेली.” मैनाबाईंनी पाण्याचा गिलास तिच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसल्या. हात पुसायचे राहूनच गेले. “मले एक सांगा. आठ महिने बोलत होते म्हने तुमच्यासंग. काय बोलत होते?”

“असंच. ऊन, पाऊस. शाळेतल्या नाटकात राणी झाले होते, लुगडं सुटलं, तरी संवाद पूर्ण केले…”

“हे?” मैनाबाई हसल्या, पिठाचा हात तोंडावर गेला. मग हात खाली आला. “तीस वर्सं झाली लग्नाले. वाढ म्हनतात, पानी दे म्हनतात. नाटकाचं मले आज मालूम झालं.”

बाहेर गिरणी बंद पडली. मैनाबाई गिलासाकडे पाहत होत्या.

“माह्याबद्दल कधी काई बोलले का?”

आठ महिन्यांत एकदाही नाही. ते एकटेच राहतात, असं महेजबीन धरून चालली होती.

तिने खोलीत नजर फिरवली. खिडकीतल्या उन्हासमोर दोरीवर डोमाजींचे तीन शर्ट वाळत होते. छातीवर, बाह्यांवर सोल्डरचे थेंब उडून पडलेली भोकं होती, आणि प्रत्येक भोक त्याच रंगाच्या दोऱ्याने इतकं बारीक रफू केलेलं, की उन्हाकडे धरल्याशिवाय दिसू नये.

“हो,” ती म्हणाली. “नेहमी बोलायचे.”

“काय?”

“म्हणायचे, शर्टाला भोक पडलं की दुसऱ्या दिवशी ते कुठे होतं, तेच सापडत नाही. आमच्या घरात असा हात आहे, म्हणायचे.”

मैनाबाईंनी मान वळवून दोरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“आजून?” त्यांनी विचारलं, आणि जराशा पुढे सरकून बसल्या.

महेजबीनने गिलास खाली ठेवला आणि ती आठवू लागली.