मंत्र गाडीतच म्हणा

उर्वशीला घरात बसवत नव्हतं. नागपूरला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स करून, प्रमाणपत्र घेऊन ती उन्हाळ्यात आसगावला परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं की पंधरा-वीस दिवसांत कुठेतरी लागू. आता बांध्यांतलं, भातखाचरांतलं, धान पोटरीवर आलं होतं आणि ती अजून मोबाईल हातात धरून छपरीतून अंगणात, अंगणातून छपरीत करत होती.

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात विचारलं, अनुभव किती? ती म्हणाली, आत्ताच पास झाली. तर म्हणाले, अनुभव घेऊन या. "मग पहिला अनुभव कोण देते सर?" असं तिने विचारलं, त्यावर समोरचा माणूस नुसता हसला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, गाडीवर कशाला जाता, रिसेप्शनवर बसा, चांगल्या दिसाल. समोर आलेला चहा तसाच ठेवून ती उठली. पवनीचा एक गाडीवाला तर फोनवरच म्हणाला, "ॲम्ब्युलन्सवर पोरगी? तुमच्याच घरचे उद्या माह्या दारात उभे राहतीन."

गावात बाया विचारत, नर्स झाली म्हणे? ती सांगे, नर्स नाही मावशी, ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटजवळ असते ती. मग त्या विचारत, "म्हंजे डायवर?" सांगून सांगून ती थकली. घरात कोणी टेकलं की ती त्याची नाडी बघायची. वडील, मधुकरराव, तिला येताना पाहिलं की हात दुपट्ट्यात लपवायचे. आई ललिताबाई एक दिवस वैतागली.

"उर्वशी, एका जागी बस न वो माय. तुले पाहूनच मले चक्कर येऊन राहिली."

"चक्कर? थांब, बीपी पाहतो."

"जाय तिकडे!" ललिताबाई म्हणाली, पण हसली नाही. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. लाखनीकडचं एक स्थळ आलं होतं आणि पोरीने अजून हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं.

आणि मग नागपूरहून रुचिताचा फोन आला. रुचिता तिच्याच बॅचची होती, तिला तिथेच दवाखान्यात काम मिळालं होतं. तिने सांगितलं, लाखांदूरच्या वीरेंद्रभाऊंकडे ॲम्ब्युलन्सच्या दोन गाड्या आहेत, त्यांचा माणूस सोडून गेला, जाऊन तर बघ. उर्वशीने दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडली.

वीरेंद्रचं दुकान बसस्टँडजवळ होतं. अर्ध्या दुकानात टायर, अर्ध्यात एक टेबल आणि बाहेर पांढरी गाडी. त्याने प्रमाणपत्र उलटंसुलटं पाहिलं.

"एवढी शिकलेली पोरगी लाखांदुरात काहून आली?"

"काम पायजे भाऊ."

"माह्याकडचं काम म्हंजे पेशंट चढवा, पेशंट उतरवा, सलाइनची बाटली धरा. त्याले प्रमाणपत्र कायले लागते?"

"एक दिवस गाडीवर जाऊ द्या. मग ठरवा."

वीरेंद्रला माणसाची गरज होती, पण तसं दाखवायचं नव्हतं. "बरं, आजचा दिवस बस. संध्याकाळी सांगतो," म्हणून त्याने तिला गाडीकडे पाठवलं.

गाडीचे ड्रायव्हर टिकारामकाका काच पुसत होते. उर्वशीने मागचं दार उघडलं आणि एकेक कप्पा पाहायला लागली. ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं होतं. घशातला कफ ओढायचं सक्शन मशीन बंद पडलेलं. हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी, जिला अंबू बॅग म्हणतात, ती प्लास्टिकच्या वेष्टनातून कधी बाहेरच आली नव्हती. तिने ती काढली, दाबून पाहिली, झडपा तपासल्या आणि हाताशी ठेवली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती गाडीभोवती फेऱ्या मारू लागली. फोन वाजावा असं वाटत होतं. फोन वाजणं म्हणजे कोणाच्या तरी घरी संकट येणं, हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी कान दुकानाकडेच लागलेले.

फोन लवकरच आला. जवळच्याच एका गावात शालू नावाच्या सुनेला साप चावला होता. जमिनीवर झोपली होती, पहाटे पायाला काहीतरी डसलं, सकाळी अंथरुणाखाली साप निघाला.

गाडी गावात शिरली तेव्हा शालू घरी नव्हती. तिला श्यामरावांच्या अंगणात नेलं होतं. श्यामराव साठी उलटलेले, धानाची शेती करणारे, आणि पंचक्रोशीत विष उतरवणारे म्हणून ओळखले जाणारे. कडुलिंबाखाली खाटेवर शालू आडवी पडली होती. श्यामराव तिच्यावरून लिंबाचा डहाळा फिरवत तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणत होते. भोवती अर्धं गाव. सासू शकुनबाई पायाशी बसून सुनेचे तळवे चोळत होती.

टिकारामकाकांनी गाडी दूरच उभी केली. हळूच म्हणाले, "बाई, इथं थांबा लागते. त्यायचं झालं का मग आपण नेतो. अधी हात लावला त लोक गाडी फोडतेत."

"किती वेळ थांबता?"

"जेवढा लागन तेवढा."

उर्वशी गर्दीतून पुढे गेली. कोणीतरी मारलेला साप डब्यात आणून ठेवला होता. काळा, अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार. शालूच्या पायाला सूज नव्हती, जखमही धड दिसत नव्हती. पण ती पोट दुखतं म्हणत होती आणि शब्द नाकातून येत होते. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. नागपूरच्या सरांनी वर्गात सांगितलेलं तिला लख्ख आठवलं. मण्यार आवाज करत नाही, सूज आणत नाही, लोक म्हणतात काही झालं नाही, आणि मग श्वास थांबतो.

तिला ओरडावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलेले शब्द तिने गिळले. ओरडून गाडी फुटेल, शालू तिथेच राहील. तिने श्यामरावांकडे पाहिलं. त्यांची नजर सारखी शालूच्या पापण्यांवर जात होती. ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"बाबा, किती वेळ लागन?"

"सांगता नाही येत. जड आहे."

"मंत्र झाडाखालीच म्हणा लागते, का कुठीबी चालते?"

श्यामरावांनी डहाळा थांबवला. "कुठीबी चालते. जागेचं काही नाही."

"मग गाडीत चला माह्यासंग. मंत्र गाडीतच म्हणा. तुमी तुमचं करा, मी माहं करतो. दवाखाना येईस्तोवर दोघंबी बसू तिच्यापाशी."

मागून कोणीतरी म्हणालं, "ही कोण होय?" शकुनबाईने डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "जाता का जी श्यामरावजी?"

श्यामरावांनी एकवार गर्दीकडे पाहिलं. मग डहाळा खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "उचला तिले."

खाटेसकट शालूला गाडीपाशी आणलं. उर्वशीने तिचा पाय पट्टीने लाकडी फळीला बांधला, तिला जराही हलू नको म्हणून सांगितलं. लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच विषावरचं औषध सुरू केलं. पण शालूची छाती हळूहळू थकत चालली होती. डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला अंबू बॅग जोडली आणि म्हणाले, हिला व्हेंटिलेटर लागेल, भंडाऱ्यालाच न्यावं लागेल. सरकारी गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेली होती.

"तुम्ही बॅगने श्वास देऊ शकाल ना? रस्ताभर?" त्यांनी उर्वशीला विचारलं.

"देऊ शकतो सर."

आजवर तिने ते फक्त प्लास्टिकच्या पुतळ्यावर केलं होतं. डॉक्टरांनी तिचे चार-पाच श्वास पाहिले, मान हलवली. "नळी हलू देऊ नका. छाती उठते का तेवढं पाहत राहा. निघा."

शकुनबाई पुढे टिकारामकाकांजवळ बसली, मागे शालू, उर्वशी आणि श्यामराव. गाडी खड्डे चुकवत पळत होती. उर्वशी एका हाताने नळी धरून दुसऱ्याने बॅग दाबत होती. आसगाव आलं. खिडकीतून गावचा तलाव सरकला, बसथांबा सरकला, ओळखीचं कोणीतरी उभं होतं, पण तिने मान वळवली नाही. पवनी येईपर्यंत तिची बोटं आखडली. एका हाताचं काम नव्हतं हे. तिने समोर पाहिलं. श्यामराव डोळे मिटून पुटपुटत होते.

"बाबा, तुमचा मंत्र एकदा पुरा म्हणून दाखवा."

ते गोंधळले, पण त्यांनी म्हटला. उर्वशीने घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं. पाच-सहा सेकंद, दोन श्वासांमध्ये हवे तेवढेच.

"बरोबर आहे. आता असं करा. एक मंत्र झाला का एकदा हे दाबा. जोर नको, घाई नको. मंत्र झाला, दाबा. मंत्र झाला, दाबा."

"मी? मी हात लावू?"

"लावा. मी नळी धरतो."

श्यामरावांनी धोतराला हात पुसले, उर्वशीने दिलेल्या औषधाने पुन्हा पुसले आणि बॅग दोन्ही हातांत घेतली. ओठ हलले. मग बोटं मिटली. शालूची छाती वर आली.

"उठली जी!" ते लहान पोरासारखे म्हणाले.

"बोलू नका. मंत्र चुकन."

उर्वशी शालूच्या कानाशी वाकली. विषाने अंग लुळं पडलं तरी कान जागे असतात, हे तिला माहीत होतं. "शालू, डोळे उघडून नाही राहिले म्हणून भेव नको. श्यामरावबाबा तुह्या संगच आहेत. सासूबाई पुढं बसल्या आहेत. आता अड्याळ येईन."

अड्याळच्या पुढे गाडी एका खड्ड्यात दणकन आदळली. टिकारामकाकांनी तोंडातून शिवी काढली आणि लगेच माफी मागितली. उर्वशी बाकावर कलंडली, सावरली. श्यामरावांचा मंत्र चालू होता, बोटं मिटत होती, उघडत होती. मग ते थांबले.

"बाई, छाती उठून नाही राहिली."

काय पाहायचं, आधी काय, मग काय, सगळं उर्वशीच्या डोक्यातून पुसून गेलं. शालूचे ओठ काळवंडत होते. "काका, गाडी थांबवा!" ती किंचाळली. मग तिला दिसलं. नळी जागेवर होती, पण बॅग नळीपासून निसटून नुसती हवेत दाबली जात होती. तिने बॅग पुन्हा नळीला लावली, जोड पहिल्यांदा बसला नाही. दुसऱ्यांदा बसला. तिने स्वतः दाबली. छाती उठली. आणखी एकदा. उठली.

"चला काका," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे हे तिला ओळखू आलं नाही.

भंडाऱ्याला पोचल्यावर दवाखान्याच्या लोकांनी शालूला आत नेलं. शकुनबाई त्यांच्यामागे धावली. उर्वशी बाहेर पायरीवर बसली. टिकारामकाकांनी पाण्याची बाटली दिली, ती तिला उघडता येईना, त्यांनीच उघडून दिली. श्यामराव थोड्या अंतरावर बसले होते.

"मण्यारचं नाही उतरत माह्यानं," श्यामराव म्हणाले. "पण लोक आणून टाकतेत अंगणात. मी नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणू नका," उर्वशी म्हणाली. "अधी आमाले फोन करा. गाडी येईस्तोवर म्हणत राहा मंत्र. मग असेच गाडीत बसा."

श्यामरावांनी खिशातून जुना मोबाईल काढून तिच्यापुढे धरला. त्यात नंबर तिने टाकला, पण कोणाचा टाकायचा हे दोन क्षण तिला कळेना. आपण कुठे नोकरीला आहोत? तिने स्वतःचाच टाकला.

लाखांदूरला परतेपर्यंत ऊन उतरलं होतं. वीरेंद्र दुकानासमोर उभाच होता. "दिवसभर गाडी गुंतली तिकडे. दुसरा एक फोन आला तो गेला. अन् त्या मांत्रिकाले बी गाडीत बसवलं म्हणतेत? तमाशा आहे का हा?"

उर्वशीच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. टिकारामकाका गाडीतून उतरले. "वीरेंद्र, त्या गावातून आजवर मी साप चावलेला माणूस जिता कधी आणला, सांग. आज आणला." एवढं बोलून ते गाडी धुवायला पाणी आणायला गेले.

वीरेंद्र दुकानात शिरला. टेबलावरची चावी उगाच इकडून तिकडे ठेवली. "उद्या ये," तो म्हणाला.

"येतो. पण सक्शन मशीन दुरुस्त करून पायजे."

"अजून लागली नाही अन् हुकूम सुरू!"

"आज त्या पोरीच्या घशात कफ साचला असता त मी काय केलं असतं भाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मशीन गाडीत नव्हतं, साकोलीला दुरुस्तीला गेलं होतं.

आदल्या रात्री घरी तिने नोकरीची गोष्ट सांगितली तेव्हा मधुकररावांनी पहिल्यांदाच आपणहून नाडी बघायला हात पुढे केला. ललिताबाई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, लाखनीवाल्यांना काय सांगू? "सांग का पोरगी कामावर लागली," उर्वशी म्हणाली. भांडी जरा जोरात वाजली.

पहिल्या दिवसाची ड्युटी अगदी साधी निघाली. पाय मोडलेल्या मनकर्णाबाईंना प्लास्टर करून घरी पोचवायचं होतं. वाटभर त्या टिकारामकाकांच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होत्या आणि घरापाशी चिखलातून स्ट्रेचर नेताना म्हणाल्या, यापेक्षा मी चालत आली असती. उर्वशीचं चित्त तिथे नव्हतं. भंडाऱ्याहून अजून काही कळलं नव्हतं. परतताना शकुनबाईचा फोन आला. रडण्यातून आधी काही समजेना. मग समजलं. शालू मशीनवरच होती, पण तिने हाताची बोटं हलवली होती, डॉक्टर म्हणत होते की उतार पडतो आहे.

उर्वशीने ते टिकारामकाकांना सांगितलं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते समोरच्या बांध्यांकडे पाहत राहिले.

"बाई," थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते श्वास द्याचं मले बी शिकवता का?"

उर्वशी खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि अंबू बॅग काढून त्यांच्या हातात दिली.